पिवळ्या पुडीची तीन सूत्रं

दरवर्षी पहिल्या सहामाहीत मी वर्गाला एक गणित घालते. पदार्थाचं नाव सांगत नाही. पिवळी पूड आहे, तिच्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून दुसरं काही नाही, एवढंच सांगते. ०.२००० ग्रॅम पूड कोरड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात पुरती जाळली. ०.५०१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळाला आणि ०.०९८५ ग्रॅम पाणी. एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे अणूंचं सगळ्यांत लहान पूर्णांकी गुणोत्तर, काढा.

हे आकडे कुणाच्या प्रयोगवहीतले नाहीत, मी बसवलेले आहेत. शुद्ध पदार्थ जाळला तर नेमकं किती मिळायला हवं ते आधी काढलं आणि त्यात प्रामाणिक हातून होते तेवढी चूक मिसळली. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत ही चूक नसते, म्हणून तिथे भागाकार केला की गुणोत्तर १ : २ : १ असं गोंडस येतं आणि मुलांना वाटतं की निसर्ग असाच वागतो.

फळ्यावर उत्तरं लिहून घेतली की दर वेळी तीन गट पडतात. सोयीसाठी सूत्र लिहिताना कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन या क्रमानं फक्त अणूंची संख्या लिहिते. एका गटाचं उत्तर ७ : ७ : २. दुसऱ्याचं १० : १० : ३. चिकाटीच्या दोघातिघांचं २१ : २० : ६. मागच्या बाकावरून एखादा आवाज येतो, “मॅडम, गणित चुकलंय.”

गणित चुकलेलं नाही. या तीन उत्तरांपैकी दोन चुकीची आहेत, पण एकोणिसाव्या शतकात ही तिन्ही उत्तरं नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी याच पदार्थासाठी गंभीरपणे मांडली होती. ही गोष्ट मी तास संपेपर्यंत हातची राखून ठेवते.

हिशेब

पहिली पायरी सरळ आहे. कार्बन डायऑक्साइडच्या ४४.०१ भागांत कार्बनचे १२.०११ भाग, म्हणून ०.५०१० ग्रॅममध्ये कार्बन ०.१३६७ ग्रॅम. पाण्याच्या १८.०१५ भागांत हायड्रोजनचे २.०१६ भाग, म्हणून ०.०९८५ ग्रॅममध्ये हायड्रोजन ०.०११० ग्रॅम. नमुन्याच्या वजनाशी तुलना केली की कार्बन ६८.३७ टक्के, हायड्रोजन ५.५१ टक्के. उरलेले २६.१२ टक्के ऑक्सिजन.

‘उरलेले’ या शब्दाशी मी वर्गाला जरा थांबवते. ऑक्सिजन कुणी मोजलेला नाही. जाळताना बाहेरून ऑक्सिजन सोडलाच होता, त्यामुळे मिळालेल्या वायूंत पुडीतला किती आणि नळीतून आलेला किती हे ओळखता येत नाही. शंभरातून दोन आकडे वजा केले आणि बाकी ऑक्सिजनच्या नावावर टाकली. कार्बन मोजताना झालेली चूक, पाणी मोजताना झालेली चूक, नमुना तोलताना झालेली चूक, सगळ्यांचा बोजा त्याच्यावर. घरखर्चाच्या वहीत ‘किरकोळ’ या सदराचं जे होतं तेच.

दुसरी पायरी मोलची, म्हणजे वजनावरून अणूंच्या संख्येकडे जायची: प्रत्येक टक्केवारीला त्या मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानानं भागायचं. ६८.३७ ला १२.०११ ने भागलं की ५.६९२. ५.५१ ला १.००८ ने भागलं की ५.४६८. २६.१२ ला १५.९९९ ने भागलं की १.६३३. सगळ्यांत लहान संख्येनं भागायचं असं शिकवलेलं असतं, आणि सगळ्यांत लहान संख्या नेमकी ऑक्सिजनची, म्हणजे न मोजलेल्या मूलद्रव्याची. तरी भागू. कार्बन ३.४८६, हायड्रोजन ३.३४९, ऑक्सिजन १.

आता पूर्णांक हवेत, म्हणून गुणायचं.

२ ने गुणलं : ६.९७, ६.७०, २
३ ने गुणलं : १०.४६, १०.०५, ३
४ ने गुणलं : १३.९४, १३.३९, ४
५ ने गुणलं : १७.४३, १६.७४, ५
६ ने गुणलं : २०.९२, २०.०९, ६

पहिल्या ओळीत ६.९७ बघून ज्यांना आनंद झाला त्यांनी ६.७० ला ७ केलं आणि पेन खाली ठेवलं. दुसऱ्या ओळीत १०.०५ पाहून ज्यांचं समाधान झालं त्यांनी १०.४६ चं १० केलं. सहाव्या गुणकापर्यंत फार थोडे पोचतात, कारण पुस्तकातली उदाहरणं बहुतेक ३ किंवा ४ वर संपतात आणि त्यापुढे गुणत राहणं हा चुकलेल्या वाटेचा पुरावा वाटतो. त्यांची शंका अगदीच अस्थानी नाही. गुणक वाढवत नेला तर कुठल्याही गुणोत्तराला कधी ना कधी पूर्णांक भेटतोच, आणि मूळच्या तिसऱ्या दशांशातली चूकही त्याच पटीत फुगते. इथे ३.५००च्या जागी ३.४८६ आलं आहे. सहा पटीत हे ०.०१४ वाढून ०.०८ होतं. अजून चालण्यासारखं आहे, बारा पटीत चाललं नसतं.

पदार्थ कोणता

पूड म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. मी शिकवते तिथून हरिपूर जवळ आहे, जिथे हळद जमिनीतल्या पेवांत साठवत आले. सांगलीत हळदीचे सौदे निघतात आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी हळदीच्या व्यापाराशी बांधलेलं असतं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. हळदीत चुना कालवून कुंकू करायचं तेही याच रेणूच्या जोरावर: अल्कलीत कर्क्युमिन तांबडं होतं.

हा रंग हळदीतून वेगळा काढण्याचं काम व्होगेल आणि पेलेटिए यांनी १८१५ मध्ये केलं. पण वेगळा काढणं आणि शुद्ध काढणं यांत अंतर होतं, आणि शुद्ध नसलेल्या पदार्थाचं सूत्र काढण्यात अर्थ नव्हता. स्फटिकरूपातला पदार्थ हाती आला तो १८७० मध्ये, आणि त्याच वर्षी डाउबे यांनी सूत्र दिलं १० : १० : ३. पुढे १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या चार्ल्स लोरिंग जॅक्सन यांनी मेन्के यांच्यासोबत त्यावर काम केलं आणि सूत्र मांडलं १४ : १४ : ४. सरळ रूप दिलं तर ७ : ७ : २. म्हणजे माझ्या वर्गातल्या पहिल्या गटाचं उत्तर. १८९७ मध्ये बोलोन्याच्या जियाकोमो चामिचान आणि पाउल झिल्बर यांनी २१ : २० : ६ हे सूत्र दिलं, आणि तेच टिकलं.

७ : ७ : २ चं १४ : १४ : ४ का करावं लागतं, हे मुलांना लगेच कळत नाही. ज्या रेणूत फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहे त्यात हायड्रोजनची संख्या समच असते. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक, आणि प्रत्येक बंधाला दोन हात लागतात. एकूण हातांची संख्या सम हवी, म्हणून एकहाती हायड्रोजनही सम हवेत. सात हायड्रोजनचा असा स्थिर रेणू होत नाही. एम्पिरिकल सूत्र ७ : ७ : २ असू शकतं, रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूतल्या अणूंची खरी संख्या, नाही. ही कसोटी फुकटात मिळते आणि तरी कुणी वापरत नाही.

तीन सूत्रं शेजारी ठेवून

आतापर्यंत आपण मोजमापावरून सूत्राकडे गेलो. त्या वाटेनं गेलं की पूर्णांक करण्याच्या क्षणी माणूस स्वतःला फसवतो. मला उलटी वाट जास्त भरवशाची वाटते: प्रत्येक सूत्र खरं धरायचं, त्यावरून टक्केवारी काढायची आणि मोजमापाशी ताडून बघायची.

१० : १० : ३ — कार्बन ६७.४१, हायड्रोजन ५.६६, ऑक्सिजन २६.९४
१४ : १४ : ४ — कार्बन ६८.२८, हायड्रोजन ५.७३, ऑक्सिजन २५.९९
२१ : २० : ६ — कार्बन ६८.४७, हायड्रोजन ५.४७, ऑक्सिजन २६.०६
आपलं मोजमाप — कार्बन ६८.३७, हायड्रोजन ५.५१, ऑक्सिजन २६.१२

संशोधनपत्रिका नव्या पदार्थाच्या मूलद्रव्य विश्लेषणासाठी साधारण ०.४ टक्क्यांचा फरक चालवून घेत आल्या आहेत. त्या कसोटीनं १० : १० : ३ बाद होतं, कारण कार्बनमध्ये जवळजवळ १ टक्क्याचा फरक आहे. पण १४ : १४ : ४ आणि २१ : २० : ६ दोन्ही पास होतात. कार्बनचं मोजमाप तर दोघांच्या बरोबर मध्ये पडलंय. २४६ रेणुवस्तुमानाचा एक पदार्थ आणि ३६८ रेणुवस्तुमानाचा दुसरा, आणि ज्वलनाची टक्केवारी दोघांना एकाच मापानं मोजते.

टक्केवारी सोडून मिलिग्रॅममध्ये आलं की चित्र जरा स्वच्छ होतं. २०० मिलिग्रॅम पूड जाळली तर पहिल्या सूत्राप्रमाणे ४९४.० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०१.१ मिलिग्रॅम पाणी यायला हवं. दुसऱ्याप्रमाणे ५००.४ आणि १०२.४. तिसऱ्याप्रमाणे ५०१.८ आणि ९७.८. आपल्याला मिळाले ५०१.० आणि ९८.५. पहिल्याला कार्बन डायऑक्साइड बाद करतो, ७ मिलिग्रॅमच्या फरकानं. दुसऱ्याच्या विरोधात साक्ष फक्त पाण्याची आहे, ३.९ मिलिग्रॅमची. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर ३.९ पुष्कळ वाटतात. पण चूक तराजूत नसते, नळीत असते.

नळी

१८३१ मध्ये जर्मनीतल्या गीसन इथे युस्टुस लीबिग यांनी ज्वलनाच्या विश्लेषणाला जे रूप दिलं, त्याचं मर्म एका काचेच्या उपकरणात होतं. त्रिकोणात वाकवलेली नळी आणि तिच्यावर फुगवलेले पाच गोळे. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. कार्बन डायऑक्साइड गोळ्यागोळ्यातून बुडबुडत जातो आणि शोषला जातो. आधी तोला, नंतर तोला, वाढलेलं वजन म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्यापूर्वी वायूचं आकारमान मोजायचे, मग तापमान, दाब, बाष्प यांच्या दुरुस्त्या करत बसायचे. लीबिगनं सगळं तराजूवर आणलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही ते पाच गोळे आहेत.

क्रम महत्त्वाचा आहे. तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून वायू येतात, आधी कोरड्या कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत पाणी अडतं, मग पोटॅशच्या गोळ्यांत कार्बन डायऑक्साइड. उलटं जोडलं तर पोटॅशचं द्रावण दोन्ही गिळतं आणि हायड्रोजन शून्य निघतो. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी हमखास विचारते. अर्धी मुलं क्रम पाठ म्हणून सांगतात, कारण विचारलं की गप्प.

पण आपल्या प्रकरणात गुन्हेगार कॉपर ऑक्साइड आहे. ते हवेतला दमटपणा ओढतं. नीट तापवून कोरडं केलेलं नसेल, किंवा नळीत भरताना उघडं राहिलं, तर त्यातलं पाणी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत जाऊन बसतं आणि पुडीच्या हिशेबात धरलं जातं. म्हणून जुन्या पद्धतीत हायड्रोजनचा आकडा थोडा जास्त येण्याकडेच कल असे. कार्बनचं उलट: ज्वलन अपुरं राहिलं, नळीत काजळी धरली, एखादा बुडबुडा न शोषता निसटला, तर आकडा कमी येतो.

चुकीला दिशा असते हे एकदा लक्षात आलं की पाण्याच्या त्या ३.९ मिलिग्रॅमचा अर्थ बदलतो. पदार्थ खरा २१ : २० : ६ असेल तर ९७.८ मिलिग्रॅम पाण्यात दमटपणाचे तीन-चार मिलिग्रॅम मिसळून १०१-१०२ होणं सोपं आहे, आणि मग माणूस बिनदिक्कत १४ : १४ : ४ लिहील. याच्या उलट, खरा पदार्थ १४ : १४ : ४ असता तर आपल्याला ४ मिलिग्रॅम पाणी हरवावं लागलं असतं. पाणी नळीत आगंतुकासारखं शिरतं. हरवायला मात्र सांधा गळका लागतो, आणि सांधा गळत असता तर कार्बन डायऑक्साइडही गळाला असता. तो गळालेला दिसत नाही.

हा तर्क मला आवडतो, पण पुरावा म्हणून तो कच्चा आहे. संशयिताच्या सवयी सांगून खटला जिंकल्यासारखं होतं.

ओली पूड, भेसळीची पूड

एक शक्यता आपण अजून बघितलेली नाही. नळी चोख, तराजू चोख, पण पूडच ओलसर. २०० मिलिग्रॅम पुडीत ३ मिलिग्रॅम पाणी, म्हणजे दीड टक्का. डोळ्याला दिसणार नाही. टक्केवारी काढली तर कार्बन ६७.४४, हायड्रोजन ५.५६, ऑक्सिजन २७.००. गुणोत्तर येतं ३.३२७ : ३.२६७ : १. तीन ने गुणा: ९.९८ : ९.८० : ३.

वर्गात हे फळ्यावर मांडलं की क्षणभर शांतता होते. कारण हे गुणोत्तर माझ्या मूळ गणितापेक्षा जास्त गोंडस आहे. १० : १० : ३ म्हणायला कुणालाही संकोच वाटणार नाही, आणि ते चूक आहे. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या गटानं १०.४६ चं १० केलं तेव्हा त्यांच्यावर हिशेबाचा आळशीपणा म्हणून शेरा मारता आला. इथे हिशेबात काहीही आळशीपणा नाही. नमुना निर्वात शोषकपात्रात वजन स्थिर होईपर्यंत ठेवला नाही, एवढंच.

भेसळीचं तर आणखी गमतीदार आहे. हळदीतून काढलेलं कर्क्युमिन एकटं येत नाही. त्याच्यासोबत त्याची दोन भावंडं येतात: एक मेथॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेला मिथिल, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) कमी असलेलं, सूत्र २० : १८ : ५, आणि दोन्ही गट नसलेलं, सूत्र १९ : १६ : ४. बाजारात ‘कर्क्युमिन’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत साधारण ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के पहिलं भावंड आणि ३ टक्के दुसरं, असं प्रमाण नेहमी दिसतं. उरलेलं सोडून या तिघांचंच मिश्रण जाळलं असं समजा. भावंडांत ऑक्सिजन कमी, म्हणून कार्बनचा आकडा चढतो: ६९.०८. हायड्रोजन ५.४५. गुणोत्तर ३.६१३ : ३.३९४ : १, आणि पाच ने गुणल्यावर १८.०६ : १६.९७ : ५.

१८ : १७ : ५! इतकं जवळचं पूर्णांक गुणोत्तर या संपूर्ण लेखात दुसरं नाही. आणि असा पदार्थ त्या बाटलीत मुळीच नाही. तीन पदार्थांची सरासरी योगायोगानं एका सुंदर सूत्राशी जुळली. हायड्रोजन १७ म्हणजे विषम, त्यामुळे सम संख्येच्या कसोटीवर हे सूत्र अडकतं खरं, पण अडकलेला माणूस दुप्पट करून ३६ : ३४ : १० लिहून पुढे जाऊ शकतो. ज्वलनाचा आकडा मिश्रणाबद्दल तक्रार करत नाही. तक्रार करायला द्रवणांक लागतो, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी लागते. सिलिकाच्या पट्टीवर तीन पिवळे ठिपके वेगळे चालताना दिसले की मग त्या १८ : १७ : ५ कडे कुणी ढुंकून बघत नाही.

सोडवणूक

चामिचान आणि झिल्बर यांच्या हातात एक हत्यार होतं जे डाउबेंच्या हातात नव्हतं. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या सिमोन झाइझेल यांनी मेथॉक्सी गट मोजायची पद्धत काढली होती. पदार्थ हायड्रोआयोडिक आम्लात उकळायचा. प्रत्येक मेथॉक्सी गटातला मिथिल तुटून मिथिल आयोडाइड म्हणून वाफ होतो. ती वाफ सिल्व्हर नायट्रेटच्या अल्कोहोलातल्या द्रावणात सोडायची. सिल्व्हर आयोडाइडचा साका बसतो. तो गाळून, वाळवून तोलायचा. एका मेथॉक्सीमागे सिल्व्हर आयोडाइडचा एक रेणू.

यातली युक्ती वजनात आहे. मेथॉक्सी गट ३१ चा, सिल्व्हर आयोडाइड २३५ चं. मोजायची गोष्ट तराजूवर साडेसात पट जड होऊन येते. दुसरं असं की इथे ‘उरलेलं’ हे सदर नाही. हवेतल्या दमटपणानं सिल्व्हर आयोडाइड तयार होत नाही.

समजा त्याच पुडीच्या ०.२००० ग्रॅममधून ०.२५४० ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड मिळालं. त्यावरून मेथॉक्सी १६.७९ टक्के. उलटा भागाकार करा: एका मेथॉक्सी गटामागे पदार्थाचं वस्तुमान सुमारे १८५. म्हणजे रेणुवस्तुमान १८५ च्या जवळपास, किंवा ३७०, किंवा ५५५. मधलं काही चालणार नाही, कारण अर्धा मेथॉक्सी गट नसतो.

आता तिन्ही उमेदवार पुन्हा उभे करा. १४ : १४ : ४ चं वस्तुमान २४६. एक मेथॉक्सी धरला तर १९१ मिलिग्रॅम सिल्व्हर आयोडाइड यायला हवं होतं, दोन धरले तर ३८१. आले २५४. ज्या सूत्राला ज्वलनानं जेमतेम ४ मिलिग्रॅम पाण्यावरून हटकलं होतं, ते इथे ६३ मिलिग्रॅमनं पडतं. १० : १० : ३ चं वस्तुमान १७८, एका मेथॉक्सीसाठी २६३.५ मिलिग्रॅम. साडेनऊ मिलिग्रॅमचा फरक आहे, पण हे सूत्र एकट्या मेथॉक्सीच्या बळावर हाकलायला मी कचरले असते, कारण साका थोडा कमी भरणं ही नेहमीचीच गोष्ट. त्याला ज्वलनानं आधीच बाद केलेलं आहे, कार्बनमध्ये १ टक्क्यानं. २१ : २० : ६ चं वस्तुमान ३६८.४, दोन मेथॉक्सी धरून अपेक्षित २५४.९. फरक एका मिलिग्रॅमहून कमी.

दोन्ही प्रयोगांनी एकेकच उमेदवार नीट पाडला, आणि दोघांनी वेगवेगळा पाडला. एकच प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढली असती तर आकडे जास्त चकचकीत झाले असते, पण १० : १० : ३ आणि १४ : १४ : ४ यांतलं कुणीतरी एक उरलंच असतं. मुलं जेव्हा “रीडिंग जास्त घेतली की बरोबर येईल ना?” असं विचारतात तेव्हा मी हेच दाखवते. ओलसर पूड दहा वेळा जाळली तरी दहाही वेळा ती ओलसरच असते.

राहिला रेणूच्या आकाराचा प्रश्न. २१ : २० : ६ हे सूत्र आणखी लहान होत नाही, पण त्याची दुप्पट असू शकते. इथे रेणुवस्तुमान लागतं. त्या काळी द्रावकाचा गोठणबिंदू किती उतरतो त्यावरून ते काढत. पाच-सात टक्के चुकलं तरी ३६८ आणि ७३६ यांत घोळ होत नाही. आज वस्तुमान वर्णपटमापक ३६८.१२६० हा आकडा काही मिनिटांत देतो, आणि १४ : १४ : ४ असता तर २४६.०८९२ दिसला असता. आजचं ज्वलनाचं यंत्रही दोन-तीन मिलिग्रॅमवर भागवतं. नमुना कथिलाच्या चिमुकल्या पुडीत गुंडाळून भट्टीत टाकायचा, वायू वेगळे होऊन शोधकावरून जातात. इतक्या थोड्या पदार्थावर काम करायची वाट फ्रिट्स प्रेगल यांनी घालून दिली, त्यासाठी १९२३ चं नोबेल त्यांना मिळालं. पण या यंत्रातही ऑक्सिजन बहुतेक वेळा वजाबाकीनंच येतो, आणि पूड ओली असेल तर यंत्र ओल्या पुडीचंच उत्तर चार दशांशांपर्यंत छापून देतं.

१९१० मध्ये मिलोबेंझ्का, कोस्टानेत्स्की आणि लाम्पे यांनी कर्क्युमिनची रचना मांडली. फेरुलिक आम्लाचे दहा-दहा कार्बनचे दोन तुकडे आणि त्यांना जोडणारा मधला एक कार्बन. दहा, दहा आणि एक, एकवीस. प्रत्येक तुकड्यावर एक मेथॉक्सी गट. डाउबेंच्या दहाशी हे जुळतंय असं वाटून वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं की ते अर्धे बरोबर होते. नव्हते. अर्धा रेणू घेतला तर १०.५ : १० : ३ होतो, आणि माझ्या गणितात तिसऱ्या गुणकाला १०.४६ आलं होतं ते त्यामुळेच. तो अर्धा कार्बन म्हणजे मधला जोड. पूर्णांक करताना दुसऱ्या गटानं नेमका तोच खोडला.

गेल्या दोन वर्षांपासून मी गणितात एक ओळ वाढवली आहे: “त्याच पुडीच्या ०.२००० ग्रॅमपासून झाइझेल पद्धतीनं ०.२५४० ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड मिळालं.” गट अजूनही तीन पडतात. फरक इतकाच की आता ७ : ७ : २ वाले आपलं उत्तर स्वतःच खोडतात, आणि १० : १० : ३ वाले माझ्याशी वाद घालतात, साका गाळताना थोडा कागदाला चिकटला असेल म्हणून. चिकटतो खरा. मग त्यांना कार्बन डायऑक्साइडचे सात मिलिग्रॅम जास्त कुठून आले ते विचारते.